जाताना बरोबर, येताना चूक: चोपडा तालुक्यातल्या एका मुलाच्या दिशाभानाची तपासणी

हे प्रकरण नऊ वर्षांच्या, चौथीत शिकणाऱ्या मुलाचं आहे. दोन भावांतला धाकटा, म्हणून घरात त्याला धाकल्या म्हणतात. इथेही तेच लिहिते. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मुलांसाठीची फिजिओथेरपिस्ट आहे. धाकल्या माझ्याकडे आला तो हाताच्या व्यायामासाठी. वाट चुकण्याचा विषय त्याच्या आजीने काढला, तोही निघता निघता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या पथकाने धाकल्याचा डावा हात आखडलेला आणि चाल किंचित लंगडी असल्याची नोंद केली होती. तो बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन दीड किलोच्या आत. लहानपणी काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला जुन्या रक्तस्रावाची खूण आहे. निदान सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणाऱ्या अडचणीचं; डाव्या अंगाचं, सौम्य. तो चालतो, पळतो, एका हाताने सायकल धरून ढकलतो. वाचन वर्गाबरोबर आहे, पाढे पाठ आहेत. अपंगत्वाचा दाखला आहे. त्यात हात मोजलाय, पाय मोजलाय. वाट सापडते का, हे दाखल्यासाठी कुणी विचारत नाही.

आजी म्हणाली, "ताई, त्याले चकवा लागस." म्हणजे पोराला चकवा लागतो. शाळेत नीट जातो, येताना भलतीकडेच निघतो. गेल्या दोन वर्षांत हे दिसलं नाही, कारण मोठा भाऊ बरोबर असायचा, बहुतेक वेळा धाकल्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून. जूनपासून मोठा एसटीने दुसऱ्या गावी हायस्कूलला जाऊ लागला आणि धाकल्या एकटा पडला. जुलैत एका संध्याकाळी तो गावाच्या उगवतीच्या बाजूला केळीच्या बागेत सापडला. निंदणीहून परतणाऱ्या बायांनी त्याला ओळखून घरी आणलं. रडत नव्हता. बागेतल्या सरळ ओळींतून चालत होता आणि पुढच्या ओळीनंतर घर येईल असं त्याला वाटत होतं.

घरात तीन मतं होती. वडील म्हणत, लक्ष नाही, मोबाइल डोक्यात असतो. वर्गशिक्षकांना शंका होती की बुद्धी कमी असावी, पण अभ्यास बघून तेही गोंधळले होते. आजीचं मत चकव्याचं. मी आजीशी वाद घातला नाही. चकवा लागला तर काय करायचं असतं, एवढं विचारलं. ती म्हणाली, पळायचं नाही, खाली बसायचं, आपण कुठून आलो ते आठवायचं. वाट चुकलेल्या मुलाला मी यापेक्षा चांगला पहिला सल्ला दिला नसता.

गाव आणि वाट

गाव बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यापासून तापीच्या अंगाला आत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि जमीन सातपुड्याकडून तापीकडे हलक्या उताराने गेलेली. जुन्या भागात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं, एकसारखे ओटे, एकसारखे बोळ. गावाबाहेर केळी आणि कपाशी. हा भूगोल आधीच सांगते, कारण पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच उभी आहे.

धाकल्याचं घर गावाच्या दक्षिण टोकाला, शाळा उत्तर टोकाला. घरून निघालं की सरळ मरीमायच्या देवळापर्यंत जायचं, तिथे उजवीकडे वळायचं, पिठाच्या गिरणीवरून पिंपळाच्या पारापर्यंत, पाराजवळ डावीकडे, मग पाण्याची टाकी आणि शाळा. दहा मिनिटांची वाट, वळणं दोनच. येताना हेच उलट: पाराजवळ उजवीकडे, देवळाजवळ डावीकडे.

तो केळीच्या बागेत कसा पोहोचला हे या वाटेवरूनच कळतं. येतानाही तो पाराजवळ डावीकडेच वळला. जाताना "पार आला की डावीकडे" असं पक्कं झालेलं, तेच येताना वापरलं. शाळेकडून येताना पाराजवळ डावीकडे वळलं की माणूस दूध डेअरीवरून थेट गावाबाहेर पडतो. म्हणजे मूल भरकटलं नव्हतं. पाठ केलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता, फक्त तोंड उलट्या दिशेला होतं.

हे कळल्यावर लक्ष नसल्याची तक्रार मी बाजूला ठेवली. लक्ष नसलेलं मूल कधी इथे चुकेल, कधी तिथे. धाकल्या एकाच जागी, एकाच प्रकारे चुकत होता.

आधी काय वगळलं

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लांबची नजर आणि नजरेचा घेर दोन्ही तपासले. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत नजरेचा खालचा किंवा एका बाजूचा भाग कमी दिसणं आढळतं आणि ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही, म्हणून हे आग्रहाने करून घेतलं. दोन्ही ठीक. क्षणभर तंद्री लागून भान हरपणारे झटके नाहीत ना, हे बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं. तसं काही नव्हतं. ऐकू नीट येतं. भीती? एकटं जायला तो घाबरत नाही, उलट जरा जास्तच बिनधास्त आहे.

टेबलावर एक, पायांखाली दुसरं

जागेची आठवण तपासायची जुनी पद्धत टेबलावरची आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिलिप कॉर्सी यांनी 1972 च्या प्रबंधात ती मांडली. एका पाटीवर नऊ ठोकळे इकडेतिकडे बसवलेले असतात. तपासणारा एकामागून एक ठोकळ्यांना बोट लावतो, मुलाने त्याच क्रमाने लावायचं. दोनपासून सुरुवात, मग तीन, चार, पाच. जिथे क्रम मोडतो, त्याच्या आधीची संख्या हा मुलाचा आवाका.

धाकल्याचा आवाका पाच आला. या वयाला यात काळजीचं काहीही नाही. इथे थांबले असते तर कागदावर "जागेची स्मृती योग्य" असं लिहून फाइल मिटली असती.

पण टेबलाशी बसलेलं मूल सगळे ठोकळे एका नजरेत पाहतं आणि त्याची बसायची जागा बदलत नाही. चालताना तसं नसतं. प्रत्येक वळणावर जे उजवीकडे होतं ते समोर येतं, समोरचं मागे जातं, आणि मेंदूला हा हिशेब पावलापावलाला नव्याने मांडावा लागतो. म्हणून इटलीत लॉरा पिकार्डी आणि सहकाऱ्यांनी कॉर्सीची पाटी दहापट मोठी करून जमिनीवर आणली. तीन मीटर बाय अडीच मीटरच्या जागेत नऊ चौकोन, तपासणारा चालून दाखवतो, प्रत्येक चौकोनावर थांबतो, आणि मूल त्याच क्रमाने चालतं. फ्रान्समधले अलँ बर्तोझ आणि इटलीतल्या पिसाचे डॉक्टर यांनी याचाच भाऊबंद असलेली, जमिनीवरच्या फरशा उजळून क्रम दाखवणारी चाचणी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवर वापरली आहे.

आपल्याकडे उजळणाऱ्या फरशा कुठून आणणार? धाकल्याच्या काकाने टेम्पोवरची जुनी ताडपत्री दिली. तिच्यावर पिवळ्या ऑइलपेंटने नऊ चौकोन काढले, प्रत्येक एक फूट बाय एक फूट. मापं पट्टीने घेतली, कारण चौकोन सरळ रांगेत आले तर मूल ते रांग म्हणून लक्षात ठेवतं आणि चाचणीचा अर्थच जातो. ताडपत्रीला कडेने काही लिहिलेलं नको, ठिगळही नको. नाहीतर मूल ठिगळाला धरून चालतं.

वर्गखोलीत खिडक्या लावून, फळ्याकडे तोंड करून सुरुवात केली. आवाका तीन आला. टेबलापेक्षा दोनने कमी. एकाचा फरक असता तर मी त्याकडे फारसं पाहिलं नसतं. चालणं हे बोट लावण्यापेक्षा अवघडच. त्याच्या वर्गातल्या काही मुलांनाही त्याच ताडपत्रीवर चालवलं. चारच्या खाली कुणी आलं नाही.

संख्येपेक्षा मला चुकांची तऱ्हा महत्त्वाची वाटते, आणि इथे तिच्यावर वेळ घालवला. चौकोन सरळ पुढे किंवा थोडे तिरके येत राहिले तोवर धाकल्या बिनचूक चालायचा. क्रमात मागे फिरायची वेळ आली की तो पूर्ण वळायचा, क्षणभर थांबायचा आणि विरुद्ध बाजूच्या चौकोनावर पाय ठेवायचा. डावीकडचा हवा तर उजवीकडचा. अंदाजाने ठेवलेला पाय असा नसतो. त्याला चौकोन आठवत होता, बाजू फिरली होती.

मग एक बदल केला. क्रम तेच ठेवले, पण त्याला सांगितलं की तोंड सतत फळ्याकडेच ठेवायचं. बाजूला जायचं तर आडवं सरकायचं, मागे यायचं तर मागच्या मागे यायचं. आखडलेल्या पायाने हे चालणं अवघड, दादा शेजारी उभा राहिला. आवाका चारवर गेला. पाय जास्त अडखळत होते आणि उत्तरं जास्त बरोबर येत होती. म्हणजे पायांची अडचण हे कारण नव्हतं, आणि स्मरणाची तर नव्हतीच. वळल्यानंतर जगाची मांडणी नव्याने जुळवणं, नेमकी तीच जागा कच्ची होती. मेंदूची उजवी बाजू जागेच्या भानात जास्त भाग घेते हे पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि धाकल्याची इजा उजवीकडचीच आहे. एका मुलावरून मी यापलीकडे काही म्हणणार नाही.

ताडपत्री गुंडाळताना मी त्याला विचारलं, वळल्यावर काय होतं रे? तो म्हणाला, "मी फिरनू का गाव बी फिरी जास." मी फिरलो की गावही फिरतं. आठवडाभराच्या नोंदींत जे होतं ते पोराने एका ओळीत सांगितलं. मुलांना हे आपण आधीच का विचारत नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

डोळे बांधून त्रिकोण

ही चाचणी थोडक्यात सांगते. रुमालाने डोळे बांधून मुलाला हात धरून तीन मीटर सरळ न्यायचं, काटकोनात वळवायचं, पुन्हा तीन मीटर न्यायचं, आणि म्हणायचं, आता निघालास तिथे सरळ जा. बरोबर जायला एकशेपस्तीस अंश, म्हणजे काटकोनाहून बरंच जास्त वळावं लागतं. धाकल्या अंतर चांगलं चालायचा, वळायचा मात्र साधारण काटकोनाएवढंच, दरवेळी कमी. डोळे बांधायला काही मुलं घाबरतात. मूल नको म्हणालं तर ही चाचणी सोडून द्यावी.

फोटो, बोट आणि नकाशा

मोठ्या भावाला मोबाइलवर वाटेतल्या जागांचे फोटो काढायला सांगितलं: देऊळ, गिरणी, पार, टाकी, आणि मध्येच शेजारच्या गावातला एक पार, एक गिरणी. धाकल्याने आपल्या गावचे सगळे ओळखले, परके बाजूला काढले. घरून शाळेच्या क्रमाने लावले, बरोबर. शाळेतून घरी या क्रमाने लाव म्हटल्यावर टाकीनंतर थेट देऊळ ठेवलं. आणि "इथे आल्यावर कुठे वळायचं?" या प्रश्नाला जातानाची उत्तरं बरोबर, येतानाचीही जातानाचीच.

अलेक्झांडर सीगल आणि शेल्डन व्हाइट यांनी 1975 मध्ये मांडलं होतं की मूल आधी खुणा ओळखतं, मग खुणा जोडून वाट शिकतं, आणि शेवटी सगळ्या परिसराची एकत्र मांडणी डोक्यात बसते. पायऱ्या इतक्या काटेकोर नसतात असं नंतरच्या कामातून दिसलं आहे, पण तपासणीला ही चौकट उपयोगी पडते. धाकल्याच्या खुणा पक्क्या, एका दिशेची वाट पक्की. वाट उलटी करता येत नाही आणि मांडणी नाही.

बोट दाखवण्याच्या तपासणीतही हेच. घराच्या ओट्यावर उभं राहून शाळा कुठे, देऊळ कुठे, बस थांबा कुठे हे तो बरोबर दाखवायचा. शाळेच्या दारात उभं केलं की घर भलतीकडे. गंमत म्हणजे दिशांच्या लेखी प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं तर पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, हे तो झोपेतही म्हणेल. तिसरीच्या परिसर अभ्यासात जळगाव जिल्ह्याचा नकाशा असतो, त्यावर तापी कुठे आणि सातपुडा कुठे हेही त्याने दाखवलं. कागदावर उत्तर दिशा वर असते. बोळात ती कुठे असते हे त्याला कुणी चालत दाखवलं नव्हतं.

गावाचा नकाशा काढायला लावायची पद्धत पुष्कळ जण वापरतात. मी काढून घेतला, पण त्यावरून काही ठरवलं नाही. वर्गातल्या बहुतेक मुलांनी वाट एका लांब पट्टीसारखीच काढली होती आणि त्यातली कुणी वाट चुकत नाहीत. चित्र काढायची सवय आणि वाट सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खळ्यातली ताडपत्री

हा भाग मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो. खोलीत तपासणी झाली होती, पण मूल खोलीत हरवत नाही. म्हणून भादव्यात तीच ताडपत्री त्यांच्या खळ्यात पसरली. खळं गावाच्या कडेला, उत्तरेकडे मोकळं. पाऊस उघडलेला, हवा धुतलेली, आणि सातपुड्याची निळी रांग उगवतीपासून मावळतीपर्यंत स्वच्छ दिसत होती. तेच क्रम, सुरुवातीला तोंड सातपुड्याकडे. आवाका चार आला. वळल्यावर तो मान वर करून डोंगराकडे बघायचा, मग पाऊल टाकायचा. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. यावेळी आभाळ भरून आलेलं, डोंगर ढगात गेलेला. क्रम नवे पण तेवढेच अवघड. आवाका तीन. त्याने मान वर केली, दोनदा, आणि मग चुकला.

फरक एका चौकोनाचा आहे. त्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण या मुलासाठी पुढे काय करायचं ते यातून ठरलं. त्याला कारणही आहे. डोकं कोणत्या दिशेला वळलं आहे त्यानुसार पेटणाऱ्या पेशी जेम्स रँक यांनी 1984 मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवल्या. 1990 मध्ये जेफ्री टॉब, रॉबर्ट म्युलर आणि रँक यांनी गोल भिंतीच्या आत एक पांढरा पुठ्ठा लावून उंदराला फिरू दिलं. पुठ्ठ्याची जागा सरकवली की या पेशींची दिशाही त्याच्याबरोबर सरकायची. मेंदूचं हे होकायंत्र बाहेरच्या खुणेला धरून आपली दिशा जुळवून घेतं. जागेचं भान ठेवणाऱ्या पेशींच्या कामासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना 2014 चं नोबेल मिळालं, तेही याच संशोधनाच्या घरातलं.

जवळची खूण चालता चालता बाजू बदलते. पार आत्ता समोर, घटकेत मागे. लांबची खूण तशी हलत नाही. गावात कुठेही उभे राहा, सातपुडा उत्तरेलाच. ज्या मुलाचं "गाव फिरतं", त्याला न फिरणारं काहीतरी हवं, आणि खानदेशात तापीच्या उत्तर काठावर राहणाऱ्या मुलाकडे ते दारातच उभं आहे.

काय शिकवलं

पहिली गोष्ट, दादाची जागा बदलली. तोवर दादा पुढे आणि धाकल्या मागे, नाहीतर कॅरिअरवर. कॅरिअरवरून मुलाला दादाची पाठ दिसते, आणि वळायचं कुठे हे त्याला ठरवावंच लागत नाही. म्हणून रविवारी धाकल्या पुढे, दादा दहा पावलं मागे. दादाने बोलायचं नाही. धाकल्या चुकला तर तीस पावलं चुकू द्यायचं, मग फक्त "थांब" म्हणायचं. चौदा वर्षांच्या पोराला गप्प राहणं किती कठीण जातं ते मी पाहिलं, आणि त्याने ते केलं.

दुसरी, जाताना प्रत्येक वळणावर मागे वळून बघायचं. परत येताना हेच दिसणार आहे, असं म्हणून क्षणभर उभं राहायचं. आजीला हे फार पटलं. ती स्वतः रानात गेली की असंच करते, म्हणाली.

तिसरी, सातपुडा. इथे एक बारकावा आहे आणि तो पालकांनी सोडू नये. शाळेतून येताना पाराजवळ सातपुडा धाकल्याच्या पाठीमागे असतो. "सातपुड्याकडे पाठ, उजवीकडे घर" असा नियम शिकवणं सोपं वाटतं, पण त्यात त्याला डोंगर मनात धरून स्वतःला फिरवावं लागतं, आणि तेच तर त्याला जमत नाही. म्हणून नियम असा केला: पाराजवळ थांब, वळून सातपुड्याकडे तोंड कर, आखडलेल्या हाताकडे गिरणी. डावा-उजवा हे शब्द धाकल्याच्या तोंडात घोळतात, पण आखडलेला हात कोणता हे त्याला कधी विचारावं लागत नाही. डोंगर डोळ्यांसमोर, हात अंगाला, डोक्यात फिरवायचं काहीच नाही. त्या हाताने जमेल तेवढं गिरणीकडे दाखवायचं आणि तिकडे चालू लागायचं.

चौथी, डोंगर दिसत नसेल तेव्हासाठी. पावसाळ्यात ढग, चैत्र-वैशाखात धुळीची झाक, आणि बोळात तर धाब्यांमुळे आभाळाची पट्टीच दिसते. त्यासाठी गटारीचं पाणी. गावाचा उतार तापीकडे असल्याने देवळापासून पाणी घराच्या दिशेनेच वाहतं. "देवळापासून पाणी चाले तसं चाल." सांडपाणी बारा महिने असतं.

सूर्याचा उपयोग करू नका, असं मी स्पष्ट सांगितलं, कारण वडील तेच शिकवत होते. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजवीकडे, संध्याकाळी दक्षिणेकडे येतानाही उजवीकडे. एरवी ठीक. पण शनिवारी सकाळची शाळा असते, सुटते तेव्हा सूर्य डावीकडे असतो. उन्हाळ्यात तर रोजच सकाळची शाळा. जो नियम शनिवारी उलटा होतो तो या मुलाला देऊ नये.

शाळेला फक्त एक विनंती केली: पाराच्या चौकातून जाणाऱ्या मुलांनी त्याला ओढून नेऊ नये, सोबत चालावं, पण वळायचं कुठे ते त्याला ठरवू द्यावं. शिक्षकांनी ते मनावर घेतलं. परिपाठानंतर त्यांनी सगळ्या वर्गालाच मैदानात सातपुड्याकडे तोंड करून उभं केलं आणि दिशांचा धडा तिथेच घेतला.

चार महिन्यांनंतर

दिवाळीनंतर तो एकटा येऊ लागला. सुरुवातीला आजी लांबून बघत असे. जानेवारीत पुन्हा तपासणी केली. शाळेच्या दारातून घराकडे दाखवलेलं बोट आता बरोबर. फोटो उलट्या क्रमाने बरोबर. खळ्यात, डोंगर दिसत असताना, आवाका चार.

बंद खोलीत अजूनही तीन.

हा आकडा मी आई-वडिलांपासून लपवला नाही. वळल्यावर दिशा जुळवायची मूळ अडचण आहे तशीच आहे. तिला वळसा घालून जायची रीत त्याने शिकली आहे. म्हणून नव्या जागी तो पुन्हा चुकतो. संक्रांतीला मामाच्या गावी, तापीच्या पलीकडे अमळनेरच्या बाजूला गेला, तिथे सातपुडा लांब पडतो आणि झाडीत दिसतही नाही. दुकानातून परतताना चुकला. पण पळाला नाही. आजीने सांगितल्याप्रमाणे ओट्यावर बसला आणि येणाऱ्या बाईला मामाचं नाव सांगितलं.

एक प्रश्न पालकांकडून येतो, म्हणून लिहिते: मेंदूला काहीही इजा नसताना आयुष्यभर वाट न सापडणारी माणसंही असतात. ज्युसेप्पे यारिया आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अशा एका बाईचं प्रकरण नोंदवलं. धाकल्याला मी त्यांच्यात धरत नाही, त्याच्याकडे जन्माच्या वेळची इजा स्पष्ट आहे. पण कुणाचं मूल आजार नसताना वारंवार एकाच जागी चुकत असेल, तर ते मूल वेंधळं आहे असं ठरवण्याआधी त्याला घेऊन तीच वाट दोन्ही बाजूंनी चालून बघावी. जाताना काय करतं, येताना काय करतं, हे वेगवेगळं लिहून ठेवावं. तपासणाऱ्याला तेवढा कागद फार उपयोगी पडतो.

जूनमध्ये धाकल्या पाचवीला एसटीने दादाच्या शाळेत जाईल. स्टँड मोठं आहे, फलाट चार, संध्याकाळी गर्दी, आणि शेडखालून डोंगर दिसत नाही. मेच्या सुट्टीत शाळा बंद असताना दोघे भाऊ तिथे जाणार आहेत. स्टँडवर न हलणारी खूण कोणती, हे धाकल्यानेच शोधून मला सांगायचं ठरलं आहे. त्याने आत्ताच मोबाइलचा टॉवर सुचवला आहे. तो शाळेच्या फाटकातूनही दिसतो का, हे दादाला बघून यायला सांगितलंय.